दंतोबांच्या अळणी चकत्या

दंतोबा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते कवळ्या बनवायचे, म्हणून गल्लीने त्यांना ते बहाल केलं होतं, आणि तेही पाठीमागे घ्यायला. तोंडावर सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे. ते डॉक्टर नव्हते. तसं ते प्रत्येकाला प्रामाणिकपणे सांगायचेही, पण इतक्या हळू आवाजात, की समोरच्याला ऐकू जाऊ नये.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं कामाचं टेबल होतं. त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. शेजारी रबरी वाडगे, साचे दाबायचा लोखंडी प्रेस, पॉलिशचं चाक आणि खिळ्याला टांगलेला हिरड्यांच्या रंगांचा पट्टा. शहरातले दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि दंतोबा दात पाठवायचे. अर्ध्या शहराचं हसू या टेबलावरून गेलंय असं ते म्हणत, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

फक्त घरातलंच एक हसू त्यांच्या हाती लागत नव्हतं. ते होतं आत्याचं. दंतोबांना लहानाचं मोठं केलं ते आत्याने, त्यामुळे तिची कवळी त्यांनी जीव ओतून केली होती. एकदा नाही, तीनदा केली. आत्या ती झग्याच्या खिशात ठेवायची. कुणी आलं की बाहेर काढून दाखवायची, "माझ्या भाच्याने केलीय," असं अभिमानाने सांगायची आणि परत खिशात टाकून मऊ भाताचा घास हिरड्यांनी चावायची. दंतोबा विचारायचे, "आत्या, कशी बसते गं?" त्यावर आत्या म्हणायची, "छान बसते की. खिशात अगदी छान बसते." माणसाने अर्ध्या शहराला दात द्यावेत आणि घरच्या म्हातारीने ते खिशात घालावेत, हे दुःख ज्याचं त्यालाच कळतं. आत्याने एकदा तरी आपलं काम जमलं म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. बाकी त्यांचं बरं चाललं होतं.

आता यात्रेकडे येऊ. शहराच्या कडेला, नदीच्या वळणावर एक छोटं चर्च आहे. फार वर्षांपूर्वी मोठा पूर आला आणि चर्च छपरापर्यंत बुडालं. पाणी ओसरल्यावर लोक आत गेले तर बाकांवर, भिंतींवर, घंटेच्या दोरावर चिखलच चिखल. पण वेदीवरच्या लाकडी पेटीत मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत वाटायची पवित्र भाकर होती, ती पातळ, गोल, पांढरी चकती, ती मात्र कोरडी ठणठणीत. तेव्हापासून ती काचेच्या मागे, सोनेरी किरणांच्या पात्रात ठेवलेली आहे. दरवर्षी तिच्या दर्शनाला लांबलांबून माणसं चालत येतात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला मिस्सेत भाकर मिळते. कोरड्या भाकरीच्या तीर्थाला येऊन भाकरीवाचून परत जायचं, असं आजवर झालं नव्हतं.

यंदा ते होण्याची वेळ आली. भाकरीच्या चकत्या मठातल्या म्हाताऱ्या सिस्टर करायच्या. त्यांचं यंत्र म्हणजे लांब दांड्याचा एक लोखंडी चिमटा. त्याच्या दोन तव्यांवर क्रूस कोरलेला, मध्ये पीठ ओतायचं, मिटायचं आणि भाजायचं. यात्रेच्या तोंडावर त्यातला एक तवा तडकला. बाहेरून मागवाव्यात तर तिकडच्या मठांच्या ऑर्डरी आधीच भरलेल्या. यात्रेच्या बैठकीत सिस्टर हे सांगताना रडवेल्या झाल्या आणि सगळे छताकडे बघत बसले. तेव्हा दंतोबा खुर्चीतून अर्धवट उठून म्हणाले, "एवढंच ना? माझ्याकडे पाठवून द्या."

त्यांना म्हणायचं होतं तवा पाठवून द्या. तव्याच्या धातूचं काम म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. पण फादर आशावादी होते. त्यांनी रविवारी वेदीवरून जाहीर करून टाकलं, की यंदाच्या सगळ्या भाकरी आपले डॉक्टर स्वतः करून देणार आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्यावर माघार घेणारा माणूस वेगळा असतो. दंतोबांनी उभं राहून चारी दिशांना मान लववली. घरी येताना कोपऱ्यावर बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला चहासुद्धा करता येत नाही."

पुढचे दिवस गल्लीतून सल्ल्यांचा नुसता पाऊस पडला. बेकरीवाला म्हणाला, यीस्ट घाला, फुगतील. फुगून चालत नाही, फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी, बाकी काही नाही, असं दंतोबांनी त्याला सांगितलं, तेव्हा तो आजाऱ्याकडे बघावं तसा बघत राहिला. समोरच्या वहिनींनी पिठात थोडं दूध घालायला सांगितलं, आणि मग कुणाला सांगू नका असंही सांगितलं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांना नियम मोडणारं कुणी हवंच होतं. ते जिन्यातच थांबून म्हणाले, "खायची वस्तू घरात बनवायची तर परवाना लागतो, डॉक्टर. तुमचा परवाना आहे दातांचा."

दंतोबा नाकासमोर चालणारे. ते अन्न परवान्याच्या खात्यात गेले. खात्यातल्या साहेबांनी त्यांना बसवून घेतलं आणि पदार्थाची माहिती विचारायला सुरुवात केली. गोड की तिखट, तर दोन्ही नाही. खारट, तेही नाही. मग लोक ती खातात कशासाठी, असं साहेबांनी निव्वळ कुतूहलाने विचारलं. दंतोबांना हे उत्तर लहानपणी पाठ होतं, पण खात्याच्या खुर्चीत बसून ते आठवेना. नंतर साहेबांनी पदार्थ किती दिवस टिकतो ते विचारलं. दंतोबांना खोटं बोलता येत नव्हतं. ते म्हणाले, "तसं म्हटलं तर एक पुरापासून टिकलीय." साहेबांनी कुठला पूर ते विचारलं. दंतोबांनी सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

शेवटी वाट साहेबांनीच काढली. ही वस्तू चावतात का, त्यांनी विचारलं. नाही, जिभेवर ठेवतात, आपोआप विरघळते. मग हे खाणं नव्हे, असा साहेबांनी निर्वाळा दिला. दंतोबांच्या जुन्या परवान्यावर लिहिलेलं होतं, 'तोंडात बसवायच्या वस्तू'. त्यात ही बसते. नवीन परवाना नको, काही नको, या आता. दंतोबा इतके खूश झाले, की हेडक्लार्कांना सांगायला जिने धावत चढले. हेडक्लार्कांना फार वाईट वाटलं.

तवा तर झकास जमला. दंतोबांनी नवा तवा ओतला, क्रूस कोरला आणि पॉलिशच्या चाकावर असा चमकवला की सिस्टरना त्यात स्वतःचा चेहरा दिसला. मग पहिलं पीठ कालवलं. आता पीठ कालवणं आणि प्लास्टर कालवणं यात तत्त्वतः काही फरक नाही, असं दंतोबांचं मत होतं. म्हणून त्यांनी ते आपल्या सवयीच्या रबरी वाडग्यात कालवलं. तो वाडगा त्यांनी चांगला धुतला होता. पण ज्या वाडग्यात आयुष्यभर हिरड्यांचा गुलाबी रंग मिसळला जातो, तो धुतल्याने निर्मळ होत नाही. चकत्या निघाल्या त्या फिकट गुलाबी. दंतोबांना वाटलं, गरम आहेत म्हणून असतील. गार झाल्यावर पांढऱ्या होतील, असं म्हणून त्यांनी त्या खिडकीत वाळत ठेवल्या.

समोरच्या वहिनींची खिडकी बरोबर समोर. त्यांनी पडदा सारला, बघितलं, आणि त्यांच्या हातातलं भांडं खाली पडलं. गुलाबी भाकर म्हणजे काय हे या शहरात कुणाला सांगावं लागत नाही. दूरदेशी कुठे कुठे अशी भाकर रक्ताने लाल झाल्याच्या चमत्कारांच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या. दंतोबा चहा पिऊन खिडकीपाशी परत येतात तो रस्त्यावर वीसेक माणसं गुडघे टेकून बसलेली आणि पायरीवर मेणबत्त्या लावलेल्या. एक जण गालाला रुमाल बांधून आला होता. त्याची दाढ दुखत होती, आणि इथे आल्यावर निम्मी थांबली असं तो सगळ्यांना सांगत होता.

दंतोबा बाहेर जाऊन म्हणाले की हा रंग आहे, हिरड्यांचा. कुणी ऐकेना. ज्याच्या हातून असं काही घडतं तो नम्रच असतो, असं हेडक्लार्क म्हणाले. त्यांनी आता रांग लावायचं काम अंगावर घेतलं होतं. फादर आले आणि त्यांनी समजावलं, की या चकत्या अजून वेदीवर गेल्याच नाहीत, आशीर्वादित झाल्याच नाहीत, आज त्या नुसतं भाजलेलं पीठ आहेत. लोकांनी मान डोलावली आणि जागचे हलले नाहीत. शेवटी फादरनी बिशपांच्या ऑफिसला फोन केला. तिथून सेक्रेटरी फादर आले. किडकिडीत, चष्मा लावलेले, आणि हसले तर अहवालात लिहावं लागेल अशा चेहऱ्याचे.

त्यांनी एक चकती चिमट्याने उचलली, उजेडात धरली, वास घेतला. दंतोबांनी खिळ्यावरचा रंगांचा पट्टा काढला आणि चकतीशेजारी धरला. तिसरा नमुना तंतोतंत जुळला.

"हिरडी, मध्यम," दंतोबा म्हणाले.

"खात्री आहे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"फादर, आयुष्यभर हाच रंग मिसळतोय मी."

सेक्रेटरींनी पट्ट्याकडे आणखी एकदा बघितलं आणि प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं. जाता जाता त्यांनी हळूच आपल्या आईच्या कवळीबद्दल विचारून घेतलं. लोक मात्र नाराज होऊन गेले. राग चमत्कारावर नव्हता, दंतोबांवर होता. थोडं गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं, असं दाढवाला जाताना म्हणालाच. त्याची दाढ परत दुखायला लागली होती. त्या दिवशी दंतोबा जेवले नाहीत. आत्या त्यांच्या शेजारी बसून होती. "रंग छान होता रे," ती म्हणाली. आत्याने त्यांच्या कामाचं केलेलं हे पहिलं कौतुक, आणि ते या चकत्यांच्या वाट्याला यावं याचंच त्यांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी बायकोने पदर खोचला. पीठ कालवणं तिने स्वतःकडे घेतलं, स्वयंपाकघरातल्या स्वच्छ पातेल्यात. दंतोबांकडे फक्त चिमटा. सिस्टर गोल कापायला बसल्या. पीठ चाळून, मोजून पातेल्यात काढून ठेवणं हे काम आत्याने मागून घेतलं, कारण बसल्या बसल्या होण्यासारखं ते एवढंच होतं. आणि काय सांगावं, काम असं लागलं की बास. चकत्या पांढऱ्याशुभ्र, पातळ, मधोमध रेखीव क्रूस. डबे भरत गेले. घरभर भाजलेल्या पिठाचा वास. कापून उरलेले काठ दंतोबा चहाबरोबर खायचे, सिस्टर खायच्या, समोरच्या वहिनीही समेट म्हणून येऊन मूठभर घेऊन जायच्या. फार चविष्ट लागत होते. आपण आजवर उगाच दातांच्या नादी लागलो, असं दंतोबांना वाटून गेलं.

यात्रेच्या आदल्या सकाळी सगळे डबे भरून झाले. दंतोबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, वरच्या डब्यातल्या चार चकत्या बशीत घेतल्या आणि फादरना नमुना दाखवायला गेले. फादरनी एक तोंडात ठेवली. चेहरा आधी खुलला आणि मग एकदम थांबला.

"छान लागतेय," फादर म्हणाले.

"लागतेय ना?"

"तोच तर घोटाळा आहे, डॉक्टर. हिला चव आहे."

मीठ होतं. किंचित, पण होतं. पीठ आणि पाणी, बाकी काही नाही, हा नियम फादर मोडू शकत नव्हते, बिशप मोडू शकत नव्हते. एवढे डबे भरून चकत्या आणि वेदीवर ठेवायला त्यातली एकही नाही. संध्याकाळपासून चालत आलेली माणसं शहरात शिरायला लागणार होती.

घरी येऊन त्यांनी बायकोला विचारलं. तिने कानाला हात लावले. सिस्टरनी क्रूसाची खूण केली. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू पिठाच्या चाळणीकडे वळल्या.

"मी घातलं," आत्या म्हणाली. "चिमूटभर. प्रत्येक खेपेला."

"अगं पण का?"

"का म्हणजे? माणसं इतक्या लांबून पायी येणार. त्यांना अळणी द्यायचं? तुझ्या हातची चकती आणि बेचव? आयुष्यभर मी अळणी खात आले रे. मला वाटायचं, सिस्टरांना स्वयंपाक येत नसेल. बोलून दाखवायचं कसं, म्हणून गप्प होते."

दंतोबा बोलायला तोंड उघडणार होते, आणि जे बोलले असते ते नंतर त्यांना जन्मभर टोचलं असतं. पण आत्याचा चेहरा बघून ते थांबले. आपल्या हातून काय झालं ते तिला आत्ता कळत होतं. तिने खिशातून कवळी काढली, दोन्ही हातांनी तोंडात बसवली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाबली आणि काठी घेऊन बाहेर पडली. एवढ्या वर्षांत गल्लीने आत्याला दात लावून बघितलं नव्हतं.

ती आधी समोरच्या वहिनींकडे गेली. मग बेकरीत, मग वर हेडक्लार्कांकडे. कवळी हलत होती, त्यामुळे शब्द आधी यायचे आणि दात मागाहून. तरी तिने प्रत्येक दारात उभं राहून तेच सांगितलं, की चूक माझी आहे, भाच्याची नाही. त्याच्या नावाला बट्टा लागायला नको, हात लावायला या. कवळी टोचत होती ते सगळ्यांना दिसत होतं. इतके दिवस सल्ले देणारी माणसं त्यानंतर घरात बसणार कशी?

दुपारपर्यंत दंतोबांच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जबडे कपाटावर गेले. बेकरीवाल्याने आपली मोठी शेगडी आणून लावली आणि यीस्टचा उल्लेखही केला नाही. वहिनी पीठ चाळत होत्या, दूध न घालता. बायको कालवत होती. दंतोबांनी चिमट्याच्या जोडीला आपल्या लोखंडी प्रेसला दुसरा क्रूसाचा तवा बसवला, आणि ज्या प्रेसमध्ये एरवी जबडे दाबले जात त्यातून चकत्या निघायला लागल्या. हेडक्लार्क दारात उभे राहून आत येणाऱ्या प्रत्येकाचे खिसे तपासत होते. नेमकं काय शोधताय असं कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "मीठ." इतका समाधानी त्यांचा चेहरा नोकरीत असतानाही कुणी पाहिला नव्हता. घरातली मिठाची बरणी आत्याने स्वतः उचलून हेडक्लार्कांच्या ताब्यात दिली.

राहता राहिले ते खारे डबे. ते फेकायला कुणाचाच जीव होईना. संध्याकाळी चालून चालून पाय सुजलेली माणसं गल्लीतून जायला लागली, तेव्हा आत्याने पायरीवर खुर्ची टाकली, डबे उघडले आणि प्रत्येकाला चहाबरोबर मूठमूठ देत बसली. क्रूस दिसू नये म्हणून फादरनी आधी त्यांचा चुरा करून घेतला होता, तेवढी एक अट त्यांनी घातली. लोकांना तो चुरा इतका आवडला की कुठल्या दुकानातला असं विचारायला लागले. बेकरीवाल्याचे कान टवकारले गेले. अळणी खाऊन कुणी दारातून पुढे गेलं नाही, एवढं आत्याने शेवटी केलंच.

यात्रेच्या सकाळी वेदीवर काचेमागे ती पुरातली भाकर होती, आणि तिच्या पुढ्यात दंतोबांच्या चकत्यांनी भरलेली पात्रं. फादरनी त्या उचलल्या, आशीर्वाद दिला, आणि आता त्या दंतोबांच्या राहिल्या नाहीत. रांग चर्चबाहेर, नदीपर्यंत गेलेली. दंतोबा बाकाशी उभे राहून पात्रांकडे बघत होते. रांग सरत गेली, पात्रं रिकामी होत गेली, आणि शेवटचा माणूस आला तेव्हाही फादरच्या हातात भाकर होती. सिस्टरनी लांबूनच दंतोबांकडे बघून मान हलवली.

आत्या जिभेवर भाकर घेऊन काठी टेकत बाकावर परत आली. डोळे मिटून, ओठ मिटून ती बराच वेळ बसली. दंतोबांना राहवेना. त्यांनी शेजारी बसून कानाशी विचारलं, "कशी होती गं?"

"अळणी," आत्या पुटपुटली.

दंतोबांनी मान हलवली आणि समोर बघितलं. थोड्या वेळाने आत्याचा हात त्यांच्या गुडघ्यावर आला. तिच्या झग्याच्या खिशात कवळीचा उंचवटा दिसत होता.

"पण बसली रे पोरा," ती म्हणाली. "तुझ्या हातची पहिली वस्तू, जी माझ्या तोंडात नीट बसली."